आबांचे कॅनव्हासचे बूट

गडावर पायी जायचं ठरलं आबांचं आणि झोप उडाली माझी.

आईचं ऑपरेशन झालं तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, सप्तशृंगीला नवस बोलला होता : ही बरी झाली तर चैत्रात जळगावहून पायी येईन. आई ठणठणीत झाली. मेहरूणच्या तळ्याकडे फिरायलाही जाऊ लागली. पण मधल्या काळात आबांची साखर वाढली आणि तळपायांची जाणीव गेली. डॉक्टर तळव्याला सुई टोचत होते आणि आबा निवांत खिडकीबाहेर बघत होते. "अनवाणी अंगणातही उतरायचं नाही," डॉक्टर म्हणाले. एक साधी जखम चिघळली तरी पाय जाईल, हेही सांगितलं. त्या दिवसापासून मला आबांच्या पायांखेरीज काही दिसेना.

आबांचं म्हणणं, देवीकडे अनवाणीच जायचं. मी चैत्रातल्या तापलेल्या डांबराची भीती घातली. ते म्हणाले, "पाय मना शेतस, तुना नहीत." शेवटी आईच कडाडली. नवस तिच्यासाठी होता आणि दवाखान्यात पडल्या पडल्या तिने तो ऐकलाही होता. "पायी येसू म्हनेल व्हतं तुम्हीन. अनवानी नही. मी आयकेल शे."

आबा गप्प बसले. गप्प म्हणजे कबूल, असं मी धरलं. उतावळ्या माणसाला तेवढं पुरतं.

मग ऑफिस सुटलं की माझ्या बाजारात फेऱ्या. चामड्याचे बूट तापतात, म्हणून कॅनव्हासचे. चालून पाय सुजतात, म्हणून एक नंबर मोठे. ते ढगळ वाटले म्हणून बदलून आणले, मग तेही बदलले. दुकानदार म्हणाला, "ताई, नवरदेवाच्या बुटांनाही कोणी इतकं पारखत नाही." मी त्यावर हसले नाही, मला हसायला वेळ नव्हता. मोजे सुतीच हवे होते, नायलॉनमध्ये पाय शिजतो. सदरे मात्र जुनेच काढले, धुऊन धुऊन मऊ झालेले, कारण नवी शिवण काखेत काचते. टोपीने मान उघडी राहते म्हणून मोठा पांढरा रुमाल. पाणी गार राहावं म्हणून छागल, म्हणजे ती कॅनव्हासची पिशवी. खिशात ठेवायला कांदे तर आईने आधीच निवडून ठेवले होते, ऊन लागू नये म्हणून. तो पसारा बघून आबा म्हणाले, "बठ्ठं घरच उचली लई चाल ना मंग!"

बूट पायात बसावेत म्हणून त्यांनी ते आठवडाभर घरात घालून फिरावं, असा माझा हुकूम. आबांनी तो निमूट पाळला. निमूट वागणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, पण तेव्हा मला तेही बरं वाटलं.

मी रजा काढली आणि आम्ही दोघं गल्लीतल्या जथ्याबरोबर निघालो. लोक भजनं म्हणत होते, मी आबांची चाल बघत होते. जरा लंगडतायत का? डावा पाय वाकडा पडतोय का? मुक्कामाला पोचलो की म्हणायचे, "आबा, बूट काढा, पाय बघू दे." ते म्हणायचे, "काही नही व्हयनं. आधी चहा." मग पंपावर एकटेच जाऊन पाय धुऊन यायचे. माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

पारोळ्याच्या पुढे एका गावात बायका परात घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या. गडावर निघालेल्याचे पाय धुतले की धुणाऱ्यालाही यात्रा घडते, असं तिकडे मानतात. एका म्हातारीने आबांपुढे परात सरकवली. लेकीला टाळता येतं, तिला कसं टाळणार? आबांनी बूट काढले.

परातीतलं पाणी लाल झालं. म्हातारीने हात मागे घेतला. "भाऊ, हाई काय व्हयनं?"

आबा स्वतःच वाकून बघू लागले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी बूट उचलून उलटे केले. दोन्ही तळांना, चवड्याखाली, रुपयाएवढं गोल भोक होतं. चाकूने नीट कापलेलं. मोज्यांनाही तसंच.

"बूट तुन्हासाठे," आबा हळूच म्हणाले, "भोक देवीसाठे. पाय जमीनले लागाले पायजे ना."

मी एक बूट काटेरी बाभळीत भिरकावला आणि भर रस्त्यात रडायला लागले. राग आला होता, आणि माझं मेलीचं प्रेम कमी पडलं असंही वाटत होतं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी जखम साफ केली. पाय वाचेल म्हणाले, पण चालणं बंद. आई आबांना घ्यायला धुळ्याला आली. आबा एस.टी.त चढेनात, नवस अर्धाच राहिला होता. पण असा नवस घरातलं कोणीही पुरा करू शकतं, असं आमच्याकडे मानतात. "मी चालते," मी म्हणाले. तेव्हा त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून माझ्या डोक्याला बांधला आणि छागल माझ्या खांद्याला अडकवली.

मी माझ्या जुन्या चपलांत गडावर पोचले. देवीपुढे डोकं टेकलं तेव्हाही मी आबांच्या पायाचंच मागत होते.

घरी परतले तर ते खाटेवर, पाय उशीवर. दर्शन कसं झालं ते विचारलं नाही. म्हणाले, "पाय दखाड."

"काही नाही झालं, आबा. आधी चहा घेते."

त्यांनी चष्मा लावलाच होता. मला खाली बसवून माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि बोटांनी तळवा चाचपत गेले. चवड्यावरच्या फोडाशी बोट थांबलं.

"दुखस का?"

"दुखतं, आबा."

त्यांनी डोळे मिटले, पाय काही सोडला नाही.

"दुखू दे," म्हणाले, "दुखस ते बरं शे."