गुरुवारचं पान

गुरुवारी माझं पान बाहेर मांडलं होतं. व्हरांड्यात, चपला काढतात तिथं. केळीचं पान, वर भात, भातावर सारू, कानडी पातळ आमटी. सारू वाहत फरशीवर आलं होतं. पाच महिने दर गुरुवारी मी याच घरात, आत, सगळ्यांच्या पंगतीला पितळी ताटात जेवलो होतो.

घरच्या काकू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आजपासून इथंच बसायचं. सरी, बरं का?"

मला कळलं. सकाळी कॉलेजच्या फळ्यावर शिष्यवृत्तीची यादी लागली होती. नावापुढे जात. यादीत माझं नाव बघून मी वेड्यासारखा खूश झालो होतो. काकूंचा मुलगा त्याच कॉलेजात. त्यानंही यादी वाचली होती.

आत गुरुजी जेवत होते. माझे गुरुजी, निपाणीच्या शाळेचे. शिक्षकांच्या संमेलनासाठी बंगळूरला आले होते आणि काकूंकडे उतरले होते.

मी मॅट्रिक झालो तेव्हा बाप म्हणाला होता, "औरंगाबादला जा. तितं आपलं बोर्डिंग हाय. कुनी जात इचारत न्हाई, समद्यांची एकच हाय." तिथं मला जागाही मिळाली होती. गुरुजींनी मोडता घातला. म्हणाले, "तिथं गेलास तर जन्मभर जातीतच राहशील. आपला भाग आता म्हैसूर राज्यात आलाय, बंगळूरला जा. तिथं तुला कुणी ओळखत नाही. माणूस म्हणून राहशील." माणूस म्हणून! त्या एका शब्दासाठी मी बापाचा शब्द मोडला. औरंगाबादची जागा सोडली.

गुरुजींनीच पत्रं लिहून सात मराठी घरांत माझे वार लावून दिले. रोज एका घरी जेवण. पत्रात लिहिलं, मराठ्याचा होतकरू मुलगा आहे. मला बजावलं, "आडनाव सांगू नकोस. गावाचं लाव." मी लावलं. महाराचं पोर पाच महिने मराठा होऊन जेवलं. घासाघासाला भीती. त्याची लाज मला आजही वाटते, खोटं कशाला बोलू?

काकू आत वळून म्हणाल्या, "बघा गुरुजी, तुमचा विद्यार्थी."

गुरुजींनी मान वर केली नाही. ताक भुरकलं. म्हणाले, "मला तरी कुठं ठाऊक होतं! पोरानं मलाही फसवलं."

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जात त्यांच्याच अक्षरात लिहिलेली होती.

मला रडू आलं नाही. अंगाची लाही झाली. ते पान दोन्ही हातांनी उचललं आणि उंबरा ओलांडला. "अय्यो!" काकू किंचाळल्या. पान गुरुजींच्या पुढ्यात ठेवलं.

"गुरुजी, हे तुमचं. तुम्हीच मांडलंत."

मी बाहेर पडलो. गुरुजी माझ्यामागे फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "चिडू नकोस. आता औरंगाबादला जा. मी चिठ्ठी देतो."

म्हणजे मी कुठल्या शहरात जगायचं ते पुन्हा हेच ठरवणार! म्हटलं, "नाही. इथंच राहणार. तुमच्या चिठ्ठीशिवाय."

त्याच संध्याकाळी एका मिलिटरी हॉटेलात, म्हणजे मटणाच्या खाणावळीत, ताटं घासायला लागलो. दोन वेळ नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, त्याला इथं मुद्दा म्हणतात, आणि रस्सा. बापाला पत्र टाकलं. लिहिलं, तुझं ऐकलं नाही, चुकलो. पण परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारच्या घरी गेलो. तिथल्या अक्का म्हणाल्या, "ये, हातपाय धू. वाढते."

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. "जेवायला नाही आलो, अक्का. सांगायला आलोय." खरं आडनाव सांगितलं. जात सांगितली. त्यांनी दार लावून घेतलं.

या शहरात राहायचं तर आधी जात सांगायची, मगच पाय आत टाकायचा. ज्यांना दार लावायचं त्यांनी खुशाल लावावं. माझी जात दुसऱ्या कुणाच्या तोंडून कुणाला कळणार नाही.

शनिवारी मी शनिवारच्या घराची कडी वाजवली.