ऐंशी म्हणजे नेमके किती

"शहात्तर," मागच्या सीटवरून जाधवबाई म्हणाल्या.

"ऐंशी," जाधव सर म्हणाले. स्टेअरिंग त्यांच्याकडे होतं.

मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि दोघांचंही बरोबर होतं.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. म्हणजे गिऱ्हाईकाचं म्हणणं ऐकून ते मेकॅनिकला कळेल असं लिहायचं. सर मालगुंडचे, हायस्कूलात गणित शिकवून रिटायर झालेले. दोन महिन्यांपूर्वी त्यांना नवी गाडी देताना मी क्रूझ कंट्रोल समजावला. स्पीड ठरवून बटण दाबायचं, पाय काढून घ्यायचा, गाडी तो स्पीड स्वतःच धरून ठेवते. वर मी म्हणून गेले, "ऐंशी लावा सर, एकाचाही फरक पडणार नाही."

सरांनी हे वाक्य माझ्या नावासकट कंपनीला कळवलं. सोबत तक्ता. मीटरवर ऐंशी असताना बाईंच्या मोबाइलवर शहात्तर. मीटरवरही चढाला अठ्ठ्याहत्तर, उताराला पंच्याऐंशी. शेवटी एक ओळ : गाडी परत घ्यावी.

मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्कॅनर लावून पाहिला, एकही एरर नाही, असं मी सांगितलं.

"एरर तुमच्या वाक्यात आहे, मॅडम," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत मिटलं नाही, तर पुण्याच्या ऑफिसला खुलासा मीच द्यायचा होता.

म्हणून आम्ही तिघं हातखंब्याहून पालीच्या दिशेने निघालो. दुपारची वेळ, काँक्रीटचा रस्ता मोकळा. मोबाइलवरचा जीपीएसचा स्पीड वाचायचं काम बाईंकडे. त्या हौजीचे नंबर पुकारावेत तशा पुकारत होत्या.

चारचा फरक मी आधी घेतला. गाडीचा मीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतो. टायर झिजतात, हवा कमी होते, आणि खऱ्या स्पीडपेक्षा कमी दाखवायला नियमाने बंदी आहे. त्यामुळे कंपन्या जरा वरच राहतात. क्रूझ या मीटरप्रमाणे चालतो, मोबाइलप्रमाणे नाही.

सरांना ते पटलं. बाईंना जास्तच पटलं, कारण दोन महिने सर त्यांच्या मोबाइलला जुना म्हणून हिणवत होते.

मग चढ आला. मीटर अठ्ठ्याहत्तरवर गेला, इंजिनाने जोर धरला, पुन्हा ऐंशी. उताराला पंच्याऐंशी. या मॉडेलमध्ये क्रूझ फक्त इंजिनाचा जोर कमी करतो, ब्रेक लावत नाही. उतारावर ब्रेक आपला आपण लावायचा. हे काही सरांना पटेना.

"पाच म्हणजे फार झाले. माझा पाय याहून बरा."

"मग क्रूझ बंद करून ऐंशी धरून दाखवा, सर," मी म्हणाले.

पालीला वळून आम्ही हातखंब्याला परत आलो. पुन्हा तोच रस्ता, तोच चढ, तोच उतार. सरांनी रस्त्याकडे बघायचं, मी मीटर वाचायचा, बाईंनी सरांच्याच वहीत लिहायचं.

ब्याऐंशी. शहात्तर. सर एका जुन्या विद्यार्थ्याबद्दल सांगायला लागले, त्र्याऐंशी. चढाला एकाहत्तर. मागून बाईंचा हुंदक्यासारखा आवाज आला. वळून पाहिलं तर त्या पदर तोंडात धरून हसत होत्या.

"अहो, वर्गात एवढ्या चुकांना तुम्ही बाकावर उभं केलं असतंत," त्या कशाबशा म्हणाल्या.

सर आधी गंभीर राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसताना पाय दबला आणि मीटर एक्क्याण्णववर गेला. मी गाडी हळू करा म्हणाले, ते म्हणताना मलाही हसू फुटलं. शेवटी पालीला चहाच्या टपरीपाशी गाडी बाजूला घ्यावी लागली. चहावाल्याने विचारलं काय झालं, तर तिघांपैकी एकालाही सांगता येईना. बाईंनी फक्त वही पुढे केली.

वर्कशॉपला पोचल्यावर सरांनी फॉर्म मागून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : "तक्रार मागे घेत आहे. गाडी समाधानकारक. चालकात सुधारणेस वाव आहे."

मॅनेजरांनी तो दोनदा वाचला आणि फाइलला लावला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. यंत्राची चूक मोजायची असेल तर त्याच रस्त्यावर माणसाचीही मोजायची. आणि आकडे लिहायला त्याच्या बायकोला बसवायचं.