डावी गाठ

अबू खसीब गावाच्या कालव्यांकाठी लफ्तासारखा खजुरीवर चढणारा दुसरा नव्हता. चाळीस हात उंच झाड तो बोलता बोलता चढून जाई. कमरेमागे विणलेला जाड पट्टा, त्याच्या दोन्ही टोकांना गाठी मारलेला दोर खोडाभोवती, आणि दोराच्या भरवशावर अंग मागे टाकलं की दोन्ही हात मोकळे. चढणाऱ्याचा पट्टा त्याच्या एकट्याचाच. वर्षानुवर्षं टेकून टेकून त्यात पाठीचा साचा उतरतो. दुसऱ्याला तो कधी नीट बसत नाही.

त्या सकाळी लफ्ताच्या कमरेला जासिबचा पट्टा होता.

आदल्या दुपारी तो आणि जासिब, त्याच बागेतला दुसरा चढणारा, कालव्यापलीकडच्या बोरूच्या झोपडीत होते. बारा वर्षं तिथंच भेटत. आपण एकमेकांचे कोण, हे त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. "थकलो की जरा टेकतो," एवढंच जासिब म्हणे, तेही जणू झोपडीलाच सांगे. बाहेर वल्ह्याचा आवाज आला. हाताला लागला तो पट्टा उचलून दोघं दोन दिशांना पळाले. पट्टे बदलल्याचं लफ्ताच्या ध्यानात आलं ते घरी, बायको-मुलींसमोर. पट्ट्याची लाल किनार जासिबच्या बहिणीनं, नूरियानं विणलेली. तसली साऱ्या बागेत एकच. त्यानं किनारीला चिखल फासला. गावाला कळलं तर सख्खे भाऊच आधी गळा धरणार होते. पट्टा गुपचूप बदलून घ्यावा म्हणून तो उजाडताच बागेत आला, तर मुकादम हाजी महावी आधीच गड्यांसोबत चहा घेत बसलेला.

जासिबनं पाठ धरल्याचं सांगितलं आणि नर झाडाच्या फुलांचे तुरे निवडत खालीच बसला. लफ्ताचा पट्टा त्याच्या गोणीत होता.

"अबू झैनब, पट्टा ढिला दिसतो," हाजी लफ्ताला थोरल्या मुलीच्या नावानं हाक मारत म्हणाला.

"बारीक झालोय, हाजी."

"बायको उपाशी ठेवते, की तूच जेवायला घरी नसतोस?"

सगळे हसले. लफ्ताही हसला, सगळ्यांच्या नंतर.

हाजीनं किनारीवरचा चिखल नखानं खरवडला. "हे तर नूरियाचं विणकाम. जासिब, हा तुझा ना रे?"

जासिबनं मान वर केली नाही. "माझा घरी आहे."

"मग हा?"

"मिळत असतील असले बाजारात. मला काय ठाऊक."

लफ्ता चढू लागला. थांबला असता तर आणखी प्रश्न आले असते. जासिबच्या रुंद पाठीच्या साच्यात त्याची पाठ हलत होती. तरी तो खळगा त्याला डोळे मिटूनही ओळखता आला असता. शेंड्याशी पोचून त्यानं फळ धरावं म्हणून मादी झाडाच्या फुलोऱ्यांत नराचे तुरे खोचून बांधले आणि सवयीनं अंग पुरतं मागे टाकलं. दोर हातभर सरकला. पाय सुटले.

"डावी गाठ!" जासिब उभा राहून ओरडला. मांडीवरचे तुरे मातीत सांडले. "डावीला दोन पीळ जास्त दे, लफ्ता. ती पहिल्यापासून सुटते."

लफ्तानं पीळ दिले. गाठ धरली.

मग हाजीचा आवाज वर आला. हळूच बोलला होता, पण बागेत वारा नव्हता.

"तुझा घरी आहे म्हणालास ना, जासिब?"

लफ्ता कान देऊन होता. खाली जासिब सांडलेले तुरे वेचू लागला. झाडाचं काम कधीच संपलं होतं. जासिबच्या पाठीच्या खळग्यात पाठ टेकून तो बांधलेलेच तुरे पुन्हा पुन्हा बांधत राहिला.