येसराची पहिली वाटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे, ऑपरेशनाचं तेवढं. उरलेलं अर्धं तिलाही नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडतंय.

माझं वजन एकशे अडतीस किलो होतं. शहरात, पुंडलिकनगरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढताना मी मधेच पायरीवर टेकायचो – फोन आल्याचं नाटक करत. साखर वाढलेली, गुडघे कामातून गेलेले. शेवटी पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. आईला सांगितलं, हर्निया आहे.

का लपवलं? आईनं अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलं. सिल्लोडकडच्या आमच्या गावातून निघायचं, मिळंल त्या रानात तीन दगड मांडून कण्या शिजवायच्या. मला पोटभर घालून ती कितीदा नुसतं पाणी पिऊन झोपली असंल, देव जाणे. पुढं माझी ढेरी सुटली तर तिला कोण आनंद! "माझं लेकरू अंगानं कसं भरलंय," असं गावभर सांगायची. तिला कोणत्या तोंडानं सांगू, की आई, कमी जेवता यावं म्हणून मी पोट कापून घेतलंय?

ऑपरेशननंतर जीभ माझी राहिलीच नाही. चहा गंजलेल्या पत्र्यासारखा लागायचा. फोडणीचा वास आला की मळमळायचं. चार घासांत पोट गच्च. डाएटवाल्या बाईंनी आधीच बजावलं होतं – काही महिने चवी उलट्यासुलट्या लागतील, त्यात जेवणाचा दोष नसतो. म्हणजे मला माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

तिसऱ्या महिन्यात गावाकडं भाचीचं लग्न आलं. लग्न म्हटलं की आमच्याकडं येसर पाहिजेच. ज्वारी, गहू, डाळी, धने वेगवेगळे भाजून दळायचे आणि त्या पिठाची झणझणीत आमटी करायची. गावात लग्न कुणाच्याही घरी असो, भाजणीच्या कढईपुढं बसायची ती आमची आईच. बायका बोलवायला आल्या की पदर सावरून अशा थाटात निघायची, जणू गावची सरपंच!

आणि आमच्या भावकीत रीत अशी, की आमटीची पहिली वाटी नवरीच्या मामानं चाखायची. मामानं मान डोलावली की मग पंगत बसते.

मामा मीच.

आईनं स्वतः वाटी हातात दिली. सगळ्या बायका गोळा झालेल्या. आई हसत होती. एक घोट घेतला – आणि तो पोटात गेलाच नाही. मी बाजूला थुंकलो. भर मांडवात! सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आता कुणीतरी विचारणार, काय झालं रं, कसलं ऑपरेशन केलंस तू? आणि मी म्हणालो, "करपलंय गं आई."

तिनं बोट बुडवून चाटलं. पुन्हा चाटलं. "मला तर बरं लागतंय... पण जीभ म्हातारी झाली माझी. तू म्हणतोस तर असंल."

ते भरलं पातेलं गोठ्यामागं ओतून दिलं. चुलतीनं घाईघाईनं साध्या डाळीची आमटी केली. आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली, पंगत उठेपर्यंत.

त्यानंतर तिनं कढईला हात लावला नाही. लग्नघरची माणसं बोलवायला यायची, तर म्हणायची, "मला कळंना झालंय बाई आता." साध्या वरणात मीठ टाकलं तरी शेजारच्या पोरीला हाक मारायची – ये गं, बघ बरं.

तुम्ही म्हणाल, भीतीनं निसटलं तोंडातून. असंल. पण पुढचं ऐका.

दिवाळीपर्यंत माझी जीभ ठिकाणावर आली होती. चाळीस किलो उतरलो होतो. ऑफिसात विचारायचे, तर सांगायचो, रोज पहाटे हर्सूल तलावावर चालायला जातो. लोक पाठ थोपटायचे. मला ते आवडायला लागलं होतं, लई आवडायला लागलं होतं.

आई दिवाळीला आमच्याकडं आली. दुपारी मेथी निवडत होती. घरात आम्ही दोघंच. वर न बघता म्हणाली, "भाऊ, खरंच करपलं होतं का रं?"

मांडव नव्हता, भावकी नव्हती. ऐकायला तिसरं माणूस नव्हतं. 'नाय गं' – एवढंच म्हणायचं होतं. किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "व्हय. लईच करपलं होतं."

तिनं मान हलवली. राहिलेली मेथी निवडली.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तेराव्याला बहिणीनं माझ्यापुढं एक स्टीलचा डबा ठेवला. त्याच लग्नातलं उरलेलं येसराचं पीठ. आईनं फेकू दिलं नव्हतं म्हणे. अधूनमधून चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटून बसायची. "काय बघायची, काय माहीत," बहीण म्हणाली.

मला माहीत होतं.

मी चिमूट घेतली. पिठाला जुनाट वास लागला होता. करपलेलं नव्हतं. धनेसुद्धा कुठं करपलेले नव्हते.

बहिणीनं विचारलं, "कसंय रं?"

मी झाकण लावलं आणि म्हणालो, "कळंना."