बोडीच्या पाळीवरचा खांब

नोकरीत गुन्हे पुष्कळ तपासले, पण चांदा जिल्ह्यातली ती तारचोरी अजून मनातून जात नाही. १९५०च्या दशकातली गोष्ट. मी गडचिरोलीकडच्या एका आडवळणाच्या ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो.

हद्दीतल्या एका गावानं सहकारी वीज संस्था काढली होती. इंजिन दिवसा धान भरडायचं आणि दिवेलागणीला त्याच इंजिनवर डायनामो फिरायचा. मालक कुणी शेठ नव्हता. सभासद तोच मालक, आणि प्रत्येकाला एकच मत. तारेसाठी प्रत्येक घरानं सागाचा एक खांब दिला होता. वाकडा खांब कुणी खपवू नये म्हणून देणाऱ्यानं त्यावर कुऱ्हाडीनं आपली खूण पाडायची, असा ठरावच होता.

धानकापणीच्या दिवसांत संस्थेचे अध्यक्ष फिर्याद घेऊन आले. बोडीच्या पाळीवरचा, म्हणजे गावतळ्याच्या बांधावरचा, शेवटचा खांब आणि त्याच्यापासून गावाकडच्या खांबापर्यंतची तांब्याची तार गायब होती. कोतवालानं खबर दिली की इंजिनचा मिस्त्री, "तांब्याले लय भाव हाय," असं चारचौघांत बोलला होता. मिस्त्री सिरोंच्याकडचा, गावात परका. मला तेवढं पुरलं. त्याला उचलून ठाण्यात आणला.

दिवसभर विचारपूस केली. मी दोन थपडाही लगावल्या. तो एकच बोलत होता, "साहेब, तांबं चोरलं असतं तर खांब काऊन नेला असता?"

मी रोजनाम्यात लिहिलं, 'आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो.' दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे पाठवायचं होतं. एकदा तुरुंगात गेला असता तर त्या मुलखात त्याला पुन्हा कुणी कामावर ठेवलं नसतं.

पण त्याचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. सकाळी रवानगीआधी मी पुन्हा जागेवर गेलो. खांबाचा खड्डा बुजवून वर माती धुमसून घट्ट केलेली होती, गुराचा पाय अडकू नये अशी. खड्डा बुजवून जाणारा चोर मी आधी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही. बैलांच्या खुरांचे माग तळ्यापलीकडच्या टोल्याकडे, गावाच्या त्या लहान वस्तीकडे, गेले होते.

"या खांबावर खूण कोणाची होती?" मी अध्यक्षांना विचारलं.

ते जरा घुटमळले. "टोल्यातल्या एका विधवा बाईची. पण ते बाईमाणूस काय चोरी करन, साहेब?"

खांब बाईंच्या अंगणात उघडा पडला होता. तारेचं वेटोळं खुंटीला टांगलेलं होतं.

"लपवलं का नाही, बाई?"

"माह्यावालं हाय, लपवू काऊन? मालक व्हा म्हनलं, म्हनून खांब देल्ला. तार बोडीपर्यंत आली अन् थांबली. मीटिंगमंदी मी हात वर केला, तं म्हनते, नाव तुह्या मेलेल्या नवऱ्याचं हाय, तुह्या हात मोजता येत नाई. मंग माह्या वाटा मी घेऊन आली."

"संस्थेची तार अशी तोडून नेता येत नाही."

"मिस्त्रीले सोडा पयले. त्याचं काय चुकलं? खांब नेऊन घ्या. पन माह्या हात मोजा."

अहवालात मी लिहिलं, 'अप्रामाणिक हेतू आढळून येत नाही.' मिस्त्री सुटला. संस्थेनं सभा बोलावून बाईंचं नाव सभासदांत घेतलं आणि टोल्यापर्यंत तार न्यायची की नाही यावर मत घेतलं. अध्यक्षांनी हात मोजायला बाईंपासूनच सुरुवात केली. ठराव पास झाला. सभासद नसल्यामुळे मिस्त्रीला मत नव्हतं, तो दाराशी उभा राहून ऐकत होता. तोच खांब त्यानंच पुन्हा रोवला आणि टोल्यात दिवा लावला.

माणूस परका दिसला की तपास सोपा वाटतो, हे मी त्या वेळी शिकलो. तांबं कुणाला हवं असेल एवढंच मी शोधत बसलो. खांब कुणाचा, हे विचारायला हवं होतं, आणि ते मला माझ्याच कोठडीतला माणूस सांगत होता. त्या दोन थपडांची मला आजही लाज वाटते. पुढे बदली झाली आणि त्याची माफी मागायची राहून गेली. रोजनाम्यात मात्र माझ्या अक्षरात तसंच राहिलं आहे, की आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो.