काकीचा सोपा वाटा

माझ्या लग्नातल्या भांड्यांत मिरवण्यासारखं भांडं एकच होतं, काकीने दिलेलं तांब्याचं घंगाळ. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका तरणेताठे असतानाच गेले, आणि माझी आई तर मला आठवतही नाही. मला वाढवलं ते काकीने. तिने पोटाला चिमटा घेऊन ते घंगाळ घेतलं होतं. म्हणून एका संध्याकाळी मी त्यात पाणी ओतलं आणि ते बुडाच्या चार बोटं वरून एका भोकातून खुशाल अंगणात धावायला लागलं, तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही.

भोक पाडणारे आमचे यजमान. हे तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत. तिसाच्या सालानंतरचे ते दिवस. शाळेत विज्ञानाचं सामान म्हणजे एक कपाट, त्यात वजनांची एक पेटी, तडकलेल्या दोन काचनळ्या आणि पुष्कळ झुरळं. त्यामुळे ह्यांची प्रयोगशाळा माझ्या स्वयंपाकघरात होती. घरात एक ताणकाटा होता. त्याला हे हाती लागेल ते टांगत. वरवंटा टांगून झाला, नारळ टांगून झाला, माझं लुगडं ओलं आणि मग वाळलेलं टांगून झालं. मी विळीवर मासा कापायला बसले की समोर उकिडवे बसून विचारायचे, "ही धार इतकी पातळ का केली असेल?" मग उत्तरही आपणच द्यायचे. हाताचा जोर तेवढाच, पण तो एवढ्याशा जागेवर एकवटतो, म्हणून दाब वाढतो. मी म्हणायचे, इतकं कळतं तर मासा तुम्हीच कापा. एकदा खरंच कापला. त्या रात्री आम्ही आमटी-भात जेवलो.

हसते आहे, पण हेही सांगते की त्या माणसाइतका निखळ उत्सुक माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणी काही सांगितलं की हे मान डोलवत आणि म्हणत, "मापून बघू." त्यात सांगणाऱ्याचा अविश्वास नसे. मुलांच्या उत्तरालाही तेच म्हणत आणि हेडमास्तरांच्या उत्तरालाही.

तर घंगाळ. मी रागाने फणफणत असताना हे शांतपणे आत गेले आणि एक बांबूचं नळकांडं घेऊन आले. मनगटाएवढं जाड, बुडाला पेर राखलेलं, आणि त्यालाही तेवढंच भोक, तेवढ्याच उंचीवर. दोन्ही भांडी ओट्याच्या कडेला ठेवली, दोन्हींत एकाच उंचीपर्यंत पाणी भरलं, दोन्ही भोकांवर बोटं धरली. मग मला म्हणाले, "बोटं काढली की कुणाची धार लांब जाईल?"

यात काय विचारायचं? घंगाळात दोन घागरी पाणी आणि नळकांड्यात जेमतेम तांब्याभर. मी म्हटलं, घंगाळाची.

ह्यांनी बोटं काढली. दोन्ही धारा शेजारीशेजारी अंगणात पडल्या, एकीच्या पुढे दुसरी बोटभरही नाही. नळकांडं लवकर रितं होतं, म्हणून मला तांब्याने वरून भर घालायला लावली. जोवर दोन्हींतलं पाणी एका उंचीवर होतं, तोवर धारा जोडीने पडत राहिल्या. हे म्हणाले, "पाण्याचा दाब खोलीवर असतो. पाणी रुंद किती पसरलंय, याच्याशी भोकाला कर्तव्य नाही."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी विचारलं, "मग काकीचा बांध?"

"कुठला बांध?" हे म्हणाले.

तो सांगायचा तर आमच्या गावची रीत सांगायला हवी. माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठी. शेतं भरतीच्या पाण्याहून खाली, मध्ये मातीचा बांध. बांध फुटून खारं पाणी शिरलं की पुढली दोन-तीन वर्षं त्या मातीत भात धरत नाही. म्हणून ज्याचं ज्याचं शेत बांधाच्या आत, त्याने बांधाचा ठरलेला वाटा दरसाल राखायचा. या एकत्र कामाला जोळ म्हणतात. वाटे पाडताना ठोकताळा एकच, पाणी रुंद तिथे बांध रुंद. खाडीकडच्या अंगाला पलीकडचा काठ नीट दिसत नाही, तिथे तीन-तीन घरं मिळून भिंतीसारखा बांध घालत आणि पाण्याच्या बाजूने त्याला दगडांची फळी रचत. पाठच्या अंगाला खाडीचा एक चिंचोळा फाटा होता. ओहोटीला त्यात पोरं चिखलातले निवट्या मासे पकडत, आणि धीट पोरगा तो उडी मारून ओलांडी. तिथला बांध एकेका घराने घालायचा, बारीकसा.

काका गेल्यावर काकीला पाठचा वाटा दिला तो माझ्या बाबांनी. बाबा जोळीचे प्रमुख होते. एकटी बाईमाणूस, तिला सोपा वाटा द्या, असं त्यांनी बैठकीत सांगितलं आणि सगळ्यांनी मान डोलवली. त्यात दया होती, खोट नव्हती. पण तो सोपा वाटा लागोपाठ दोन पावसाळे फुटला. पहिल्या वर्षी लोक हळहळले. दुसऱ्या वर्षी बोलू लागले. काकी माती मळत नाही, काकी ढेकळं तशीच टाकते, काकी खेकड्यांची बिळं बुजवत नाही. एवढंसं पाणी तिला थोपवता येत नाही म्हणजे काय? या वर्षी पुन्हा फुटला तर तिला जोळीतून काढायचं, असं बैठकीत ठरलं. जोळीतून गेली म्हणजे शेतातून गेली. त्या शेताशिवाय काकीजवळ दुसरं काही नव्हतं.

काकी बैठकीत बोलू शकत नव्हती. थोरल्या दिरासमोर बायकांनी तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिला बाबांना काही सांगायचं असलं की ती मला मध्ये घाली. दिवाळीला मी माहेरी गेले होते तेव्हा ती मला म्हणाली होती, "तुज्या बाबांना सांग, माजी माती खोटी न्हाय." मी सांगितलं. बाबा म्हणाले, "बांध फुटला तवा मातीच बोलली." मी तो निरोप काकीला पोचवलाच नाही.

हे सगळं ऐकून हे म्हणाले, "मापून बघू."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मचव्यातून गावी गेलो. भोकाचं घंगाळ घेऊन मी माहेरी निघाले, याची मला लाज वाटत होती. काकीने भोक पाहिलं, त्यात करंगळी घालून बघितली आणि घंगाळ उचलून आत नेलं. मी आणखीच ओशाळले.

दुसऱ्या दिवशी भर भरतीला हे आणि बाबा होडी घेऊन निघाले. मी काठावर. होडीत एक लांब बांबू. पहिलं भांडण मापावरूनच झालं. बाबा म्हणाले हाताने मोजू, हे म्हणाले हात कुणाचा? बाबांचा हात ह्यांच्या हातापेक्षा चांगला चार बोटं लांब. शेवटी बाबांनी बांबूवर स्वतःच्या छातीच्या आणि डोक्याच्या उंचीला खुणा केल्या आणि सगळीकडे तोच बांबू लावायचं ठरलं. हे खूश झाले. म्हणाले, माप कुठलंही असो, बदलू नये म्हणजे झालं.

खाडीकडच्या बांधाला लागून पाणी बाबांच्या छातीपर्यंतही भरलं नाही. तिथे गाळ साचून उथळ झालं होतं. पाठच्या फाट्यात मात्र बांबू डोक्याच्या खुणेपर्यंत गेला आणि तरी खाली उतरतच राहिला. पलीकडे मिठागरवाल्यांनी आपला बांध पुढे घेतल्यापासून फाटा आवळला होता, आणि आवळलेल्या पाण्याने काकीच्या बांधाचा पायथाच खणून काढला होता. बाबांनी बांबू वर घेतला, ओल कुठवर आली ते पाहिलं, आणि पुन्हा घातला.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर बैठक बसली. ह्यांनी पारावर घंगाळ आणि नळकांडं मांडलं. बोटं काढली, धारा जोडीने पडल्या. माणसं पुढे सरकून बघू लागली. एक म्हातारा खवचटपणे म्हणाला, "मास्तर, तुमची बायको वरनं पानी वतते, त्याचा हा जोर हाय." दोघे-तिघे हसले. हे उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच बाबा बोलले.

"फाट्याचं पानी आन खाडीचं पानी एकच हाय ना? तोंडाशी जोडलेलंच हाय. खाडी रुंद म्हनून जादा ढकलीत असती, तर फाट्यात पानी वर चढलं असतं. चढतं काय? भरतीला दोन्हीकडं एकाच उंचीला असतं. जन्मभर बघतोय आपन."

ह्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मला अजून दिसतो. पुस्तकात या मुद्द्याला दोन पानं खर्ची घातलेली होती, आणि सासऱ्यांनी तो उभ्या उभ्या मांडला. पण बाबा तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी ह्यांना विचारलं, "जावय, तुमचं पानी भांड्यात उगी उभं हाय. खाडीकडं लाट आपटते. तिचं काय?"

"खरं आहे, मामा," हे म्हणाले. "लाटेचा मार वेगळा. तो मी धरलाच नव्हता. तिकडची दगडी फळी अजिबात काढू नका. मी फक्त उभ्या पाण्याचं बोलतोय, आणि ते पाणी पाठच्या बांधाला जास्त रेटतंय. तळाशी सगळ्यात जास्त. तिथे पायथा रुंद हवा."

भर बैठकीत आपल्याला एक गोष्ट सुचली नव्हती असं जावयाने सांगावं, आणि त्याने त्याचा मान वाढावा, हे मी तिथे पाहिलं. मला त्या दोघांचाही फार अभिमान वाटला. घंगाळाचा राग त्याच वेळी गेला.

बाबांनी निवाडा दिला. वाटे पाण्याच्या रुंदीवर पडणार नाहीत, खोलीवर पडतील. पाठच्या बांधाचा पायथा सगळ्या जोळीने मिळून वाढवायचा. "आपला ठोकताळा चुकला," असं ते म्हणाले. काकीचं नाव त्यांनी घेतलं नाही. बायकांच्या घोळक्यात काकी माझ्या शेजारी बसली होती. ती उठून घरी गेली आणि चुलीशी बसली.

पाऊस लागायच्या आत काम झालं. काकीने तिच्या भावकीतल्या पुरुषांच्या बरोबरीने माती वाहिली, आणि रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर ती एकटी पाय देऊन देऊन ती माती दाबत राहिली.

श्रावणातल्या पुनवेला मोठं उधाण येतं. त्या दिवशी भर दुपारी पाणी पुरं चढतं, आणि जोळीतला प्रत्येक जण घमेलं-फावडं घेऊन आपापल्या वाट्यावर उभा राहतो. शाळेला सुट्टी होती. आम्ही दोघं आदल्या दिवशीच आलो होतो. ह्यांचा बांधात वाटा नव्हता. हे जाऊन काकीच्या बांधाच्या आतल्या अंगाला, शेतात, पायथ्याशी उभे राहिले. ह्यांना पोहता येत नव्हतं. मी वरून म्हटलं, "अहो, वर या." हे म्हणाले, "सांगणाऱ्याने इथेच उभं राहायला हवं." माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. खारावलेल्या रिकाम्या शेतात गुडघाभर चिखलात उभा असलेला तो माणूस, आणि बांधापलीकडे त्याच्या डोक्याच्या वर चढत चाललेलं पाणी. तिथून मला दोन्ही दिसत होती.

पाणी चढलं. फाटा काठोकाठ भरला, बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थबकला. मग फेसाची रेघ ओल्या मातीवर मागे राहिली आणि पाणी तिच्या खाली गेलं. उतार लागला होता.

काकी बांधावरून शेतात उतरली. जिथे दोन्ही वर्षं फुटला होता तिथे तिने पायथ्याला दोन्ही तळवे लावले. पाझर नव्हता. तोवर खाडीकडून सगळे वाटे बघत बघत बाबा तिथे येऊन पोचले होते. मी सवयीने पुढे झाले, निरोप घ्यायला. काकीने मला हाताने बाजूला केलं. पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्या हयातीत पहिल्यांदा ती बाबांशी थेट बोलली.

"दादा, माजी माती खोटी नव्हती."

बाबांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"न्हाय," ते म्हणाले. "नव्हती."