धुळाजीचा पाय

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी धुळाजीला कंदी पेढा भरवला. साताऱ्याहून सांगलीला पेशंट बघायला जायचं आणि रिकाम्या हातानं जायचं, हे आमच्या घराण्यात बसत नाही. खाटेला 'उपाशी' अशी पाटी लटकवलेली होती; मी नेमकी तिच्यावरच माझी टोपी अडकवली. धुळाजीनं पेढा चवीनं खाल्ला आणि मग शांतपणे म्हणाला, "दाजी, मला रातीपास्नं पानीबी बंद हाय." भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. खाल्लास कशाला, असं विचारलं, तर म्हणाला, "एवढ्या लांबनं आनलासा, न्हाई कसं म्हनायचं? आनी बरंच झालं की. एक दीस इसावा वाढला."

धुळाजी हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. म्हसवडच्या माळावर मेंढरांमागे वाढला, फौजेत गेला, हवालदार होऊन परतला आणि चाळिशी उलटल्यावर त्याला लांब पळायचं वेड लागलं. लांब म्हणजे किती, तर तेवढ्या अंतरात आपण एस.टी.नं जातानाही मध्ये एकदा चहाला उतरतो. घाट चढायचा, उतरायचा आणि कुणी विचारायच्या आत पुन्हा चढायला लागायचं. एकदा मीही हौसेनं त्याच्याबरोबर अजिंक्यताऱ्याकडे निघालो होतो. पहिल्या वळणावर मला रिक्षा मिळाली, म्हणून वाचलो. "पाय म्हंजी मेंढरू हाय, दाजी," तो मला समजवायचा. "बसलं तर काठी मारायची न्हाई. जरा थांबायचं, आपसूक उठतंय."

एवढं शहाणपण सांगणारा हा माणूस गेल्या वर्षी घाट उतरताना पडला. नडगीचं हाड मोडलं, आत सळई बसली. हाड जुळून यायला लागलं होतं, तेवढ्यात तालुक्यातल्या एका अध्यक्षांचा वाढदिवस आला. ते कशाचे अध्यक्ष आहेत, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. वाढदिवसाला आता आमच्याकडे मॅरेथॉन असते. चौकाचौकात फ्लेक्स लागले आणि त्यावर अध्यक्षांच्या खालोखाल धुळाजीचा फोटो. ठरलं होतं नुसता झेंडा दाखवायचं. पण जमलेली पोरं म्हणाली, मामा, चार पावलं तरी पळा. फ्लेक्सवर फोटो लागलेला माणूस नुसता उभा कसा राहणार? गड्यानं कुबडी टाकली आणि पळाला. आतले स्क्रू ढिले झाले. दुसरं ऑपरेशन झालं. त्या जखमेत पू झाला, म्हणून हे तिसरं. या वेळी डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता: पू हाडात उतरला असेल, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल.

माझ्या पेढ्यानं मोकळ्या केलेल्या त्या दिवशी दुपारी अध्यक्ष आले. शाल, नारळ, गुच्छ आणि फोटोवाला. भर उन्हाळ्यात शाल. खाटेखाली आधीच्या भेटकऱ्यांच्या नारळांची रास होती, बादलीत जुने गुच्छ कुजत होते, आणि त्या वासात पायाचा वास मिसळला होता. अध्यक्षांनी अत्तराचा रुमाल नाकाला लावला, तो फक्त फोटोपुरता काढला. फोटोवाल्यानं न विचारता पांघरूण बाजूला ओढलं. "पाय दिसू द्या," तो म्हणाला, "त्याशिवाय मजा न्हाई." पट्टी पिवळी पडलेली होती. मला किळस आली. पायाची नव्हे, पाय बिचारा कुणाला काही म्हणत नव्हता.

"फुडच्या वर्षी पुन्हा पळायचं बरं का, हवालदार," अध्यक्ष म्हणाले.

"व्हय की," धुळाजी म्हणाला. "पळतोच."

मला तिडीक आली. आता यांना चार शब्द सुनवायचेच, म्हणून मी पुढे झालो. कुणीतरी मला खांद्याला धरून कडेला उभं केलं आणि हातात नारळ दिला. त्या फोटोत मी दात काढून उभा आहे. माझी बायको त्यात नाही. ती सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मंडळी गेल्यावर मी माझा सगळा राग धुळाजीवर काढला. उद्या पाय राहतो की जातो याचा पत्ता नाही आणि तू पळायचा शब्द देतोस, असं बरंच बोललो. तो ऐकत शालीची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "ऱ्हायला तर पळू. गेला तर बसून मेंढरं राखू. मेंढरास्नी काय, राखनाऱ्याचं पाय मोजता येत न्हाईत." आणि हसला. खरं सांगतो, त्या हसण्याचाही मला वीट आला. आशा चांगलीच असते, पण फार दिवस झाकून ठेवली की तिलाही पू होतो, असं मला वाटलं.

पाय राहिला. पू हाडाच्या अलीकडेच थांबला होता. नवी सळई बसली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चालेल, पण पळाला तर पुढच्या खेपेला वाचवायला पाय उरणार नाही. धुळाजीनं मान डोलावली. तासाभरानं अध्यक्षांचा फोन आला, आणि भुलीनं जड झालेल्या जिभेनं हा म्हणाला, "येतो की."

परत येताना मी कराडपर्यंत अध्यक्षांना, फ्लेक्सला, नारळांना आणि माझ्या मेव्हण्याला शिव्या दिल्या. टोलनाका ओलांडल्यावर बायकोनं विचारलं, त्या माणसाचा वाढदिवस कवा असतोय. मी म्हटलं, मला त्याचं तोंड बघायचं नाही, वाढदिवस कसला विचारतेस?

"तारीख काढून ठिवा," ती म्हणाली. "त्या दिवशी आपल्या घरात कार्य हाय. धुळाजीचा यायचा शब्द घिऊन आलीया मी. आक्काला न्हाई म्हनायची त्याची टाप न्हाई."

आपल्याकडे कसलं कार्य, मी विचारलं.

"ते तुमी शोधा," ती म्हणाली. "येळ हाय अजून."